नागपूर लांब की जवळ

कल्याणहून नागपूर किती लांब आहे हे आमच्या घरात एकदाच नीट ठरले. ते ठरायला दोन ब्राह्मण, एक मास्तर, एक नकाशा आणि माझा फुले ओवायचा दोरा लागला. त्याआधी ते ज्याला जसे सोयीचे असेल तसे असे. सासऱ्यांना नागपूरच्या भाऊबंदांकडे मुंजीला जायचे नव्हते तेव्हा ते लांब होते. सासूबाईंचे धाकटे भाऊ तिकडे नोकरीला लागले आणि सासूबाई रडू लागल्या, तेव्हा त्याच सासऱ्यांनी सांगितले की गाडी झाल्यापासून नागपूर अगदी जवळ आहे, रडण्यासारखे काही नाही.

ही हकिकत माझ्या नणंदेच्या लग्नातली. मी तिला वन्सं म्हणत असे. ती बारा वर्षांची होती आणि मी तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, पण मान तिचा. तिचे स्थळ ठाण्याचे, टेंभी नाक्याजवळ घर. त्याआधी दोन स्थळे पत्रिका जुळेना म्हणून गेली होती. ज्येष्ठातला शेवटचा मुहूर्त धरला होता. तो चुकला की पुढे चातुर्मास, आणि चातुर्मास उठतो न उठतो तो सिंहस्थ लागणार होते. गुरू सिंह राशीत असला की वर्षभर कोणी लग्न करीत नाही. म्हणजे पुन्हा मुहूर्त निघेपर्यंत वन्सं चौदाव्या वर्षात गेल्या असत्या. आमच्यात त्या वेळी चौदा वर्षांची मुलगी घरात असणे म्हणजे शेजारणींना दुपारचे काम मिळणे. शिवाय ठाण्याची मंडळी तितके थांबणार नव्हती. तसे त्यांनी कळवले नव्हते, पण मुलगा चांगला होता आणि चांगला मुलगा वर्षभर रिकामा राहत नाही.

व्याही गाडीखात्यात नोकरीला होते. साखरपुड्याला आले तेव्हा ते आमच्या ओटीवर बसून गाड्यांबद्दलच बोलले. मुलीबद्दल एकदा बोलले. नागपुराचा विषय निघाला, कारण त्यांच्या बायकोचे माहेर तिथले. तेव्हा ते म्हणाले, "नागपूर म्हणजे आता आमचं परसू हो. जेवून बसावं, झोपावं, उठावं, पुन्हा जेवावं, की आलं नागपूर."

विहीणबाई आत माजघरात माझ्या शेजारी बसल्या होत्या. पानाला चुना लावता लावता त्या हळूच म्हणाल्या, "परसूच आहे. नऊ वर्षं झाली, मी परसात गेले नाही."

मी काही बोलले नाही. मला बोलण्याची सवय नव्हती. लग्न होऊन पाच वर्षे झाली होती आणि माझा आवाज सासऱ्यांनी ऐकला असेल असे मला वाटत नाही. ते ओटीवर आले की मी माजघरात जाई आणि ते माजघरात आले की स्वयंपाकघरात. ते स्वयंपाकघरात आले तर कुठे जायचे हा प्रश्न होता, पण ते येत नसत.

लग्नाला दोन दिवस राहिले होते. चुडा भरून झाला होता, बुंदीचे लाडू वळून परातीत रचले होते, मांडवाला आंब्याची पाने बांधायची राहिली होती. देवक दुसऱ्या दिवशी सकाळी बसायचे होते. अशा वेळी सकाळी सासूबाईंचे भाऊ नागपुराहून आले. त्यांना घरातले सगळे मामा म्हणत. मामा बैलगाडीतून उतरले ते बोलतच.

"अक्का, काय गाडी आहे! काल सकाळी नागपुरास बसलो, आज सकाळी तुझ्या दारात. अंग आंबायलासुद्धा सवड मिळाली नाही."

सासूबाईंनी त्यांच्या पायांवर पाणी घातले. सासरे ओटीवर आले. मामांनी एक पाय धुतला, दुसरा पुढे केला आणि म्हणाले, "बरं, ते तुमचे काका गेले हो. पंधरा-सोळा दिवस झाले. मी तेराव्याला जेवलो नि निघायच्या तयारीला लागलो."

सासऱ्यांनी हात वर केला होता, पण तोपर्यंत वाक्य संपले होते.

हे काका म्हणजे सासऱ्यांच्या वडिलांचे चुलतभाऊ. आमच्या घरातल्या कोणी त्यांना पाहिले नव्हते. सासऱ्यांनी लहानपणी पाहिले असावे, पण तेही त्यांना नक्की सांगता येईना. तरी गोत्रातले, पिढ्या मोजल्या तर जवळच्या, सूतक लागणारे. मेलेल्या माणसाचे सूतक आपल्याला कळल्यापासून लागते. कळले नसते तर काही नव्हते. दुसऱ्या दिवशी देवक बसल्यावर कळले असते तरी काही नव्हते, कारण देवक बसले की मग सूतक लग्नाच्या आड येत नाही. मामांनी दुसरा पाय दुसऱ्या दिवशी धुतला असता तर चालले असते.

"त्यांनी आम्हाला कळवलं कसं नाही?" सासऱ्यांनी विचारले.

"मी विचारलं ना," मामा म्हणाले. "ते म्हणाले, मुंजीला लांब पडतं म्हणून आला नाहीत. मग गेल्याचं तरी एवढ्या लांब कशाला कळवायचं?"

सासूबाई तांब्या खाली ठेवून म्हणाल्या, "मेल्या, तुझी गाडी एक दिवस उशिरा यायला काय झालं होतं?"

"अगं अक्का, ती वेळेवर येते म्हणून तर तिचं कौतुक आहे."

सगळ्यांनी आंघोळी केल्या. आमचे उपाध्ये आले. त्यांनी सांगितले की दहा दिवस उलटून गेल्यावर कळले आहे, तेव्हा सूतक तीन रात्रींचे. तीन रात्री म्हणजे मुहूर्त गेला. मग ते जरा थांबले आणि म्हणाले, "पण गेलेला मनुष्य देशांतरी असेल तर नुसत्या आंघोळीनं शुद्धी आहे. आंघोळी झाल्याच आहेत." सासऱ्यांनी लगेच विचारले, देशांतर म्हणजे किती? उपाध्ये म्हणाले की त्यात मते आहेत. साठ योजने अंतर असले तर देशांतर, मधे डोंगर किंवा मोठी नदी असली तर देशांतर, भाषा बदलत असली तर देशांतर, आणि जिथली बातमी दहा दिवसांत पोचत नाही तेही देशांतर.

"मग नागपूर देशांतरच," सासरे म्हणाले. इतक्या वर्षांत भाऊबंदांविषयी इतक्या आनंदाने बोललेले मी त्यांना ऐकले नव्हते.

पण हे एकट्या आमच्या म्हणण्याने भागणारे नव्हते. सुतकातली मुलगी आणली असे उद्या ठाण्यात कोणी म्हटले तर पुढे काहीही झाले, मूल आजारी पडले, गाय आटली, तरी ते वन्संच्या कपाळी आले असते. व्याह्यांनी आणि त्यांच्या शास्त्र्यांनी मान्य करायला हवे होते. माझे यजमान पहिल्या गाडीने ठाण्याला गेले आणि दुपारपर्यंत त्यांना घेऊन आले. व्याही आले, त्यांचे शास्त्री आले, आणि विहीणबाईही आल्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते. त्या म्हणाल्या, मुलीचा चुडा बघायला आले.

वन्सं माजघरात कोपऱ्यात बसल्या होत्या. लाडवांच्या खोलीला कडी घातली होती, लाडवांना शिवायचे की नाही हे ठरले नव्हते म्हणून. ठाण्याच्या मंडळींनी पाणीसुद्धा घेतले नाही, कारण आमच्या घरचे पाणी घ्यायचे की नाही हेच ठरवायला ते आले होते. उन्हातून आले होते बिचारे.

वन्संनी मला हळूच विचारले, "वहिनी, देवाला काय सांगू? नागपूर लांब असू दे म्हणू की जवळ असू दे म्हणू?"

"लांब," मी म्हटले.

त्यांनी डोळे मिटले.

ओटीवर बोलणे सुरू झाले. दार अर्धे लोटलेले होते, त्यामुळे सगळे ऐकू येत होते. आधी योजनांचे निघाले. शेजारच्या शाळेचे मास्तर नकाशा घेऊन आले होते. त्यांनी दोरा मागितला. मी फुले ओवायचा दोरा वन्संच्या धाकट्या बहिणीच्या हाती बाहेर पाठवला. मास्तरांनी तो गाडीच्या रस्त्यावरून वळवत वळवत नागपूरपर्यंत नेला आणि कोसांचा हिशेब करून सांगितले, "साठ योजनांच्या थोडं वर."

"झालं तर," आमचे उपाध्ये म्हणाले.

ठाण्याचे शास्त्री म्हणाले, "दोरा सरळ धरा."

मास्तरांनी सरळ धरला. पन्नासाच्या जरासे वर आले.

"योजन सरळ मोजायचं," शास्त्री म्हणाले. "पक्षी उडतो तसं. गाडीवाल्यानं रूळ वाकडे टाकले म्हणून गाव लांब जात नाही."

"गेलेले गृहस्थ काय उडत नागपुरास गेले होते?" उपाध्ये म्हणाले.

"जाताना नसतील. वर जाताना उडूनच गेले."

"मग ते काही कल्याणवरून गेले नाहीत."

मास्तर दोरा हातात धरून एकदा वाकडा, एकदा सरळ करीत बसले. मला वाटले, नागपूरपर्यंत सरळ उडत गेलेला पक्षी या दोघांपैकी कोणीच पाहिलेला नाही. आमच्या अंगणातला कावळा फार तर खाडीपर्यंत जाऊन येतो.

मग डोंगराचे निघाले. उपाध्ये म्हणाले, मधे सह्याद्री आहे, यापेक्षा मोठा डोंगर कुठून आणायचा? इथे व्याही पहिल्यांदा बोलले. मला वाटते त्यांना राहवले नाही. "डोंगर आहे, पण आपल्याला तो ओलांडावा लागत नाही. बोगदे आहेत. गाडी डोंगराच्या पोटातून जाते. आत असताना डोंगर दिसतसुद्धा नाही."

"दिसत नाही म्हणून डोंगर नाही?" सासरे म्हणाले.

"आहे हो, आहे. पण आड येत नाही."

बातमीचेही तसेच झाले. उपाध्ये म्हणाले, दहा दिवसांत बातमी आली नाही हे तर उघड आहे. शास्त्री म्हणाले, आली नाही कारण त्यांनी पाठवली नाही, येऊ शकली असती. व्याही म्हणाले, "तार केली असती तर तासाभरात." हे सांगताना त्यांचा आवाज असा होता की जणू तार त्यांनीच ओढली होती. व्याह्यांना लग्न मोडायचे नव्हते, हे सगळ्यांना कळत होते. सून त्यांना पसंत होती, मुहूर्त त्यांनाही हवा होता. पण त्यांची गाडी हळू आहे असे म्हणणे त्यांना जमेना. ते एकेक गोष्ट बोलत आणि मुहूर्त एकेक हात मागे सरके.

शेवटी भाषा राहिली. शास्त्री म्हणाले, नागपूरची भाषा मराठीच. उपाध्ये म्हणाले, "मराठी खरी, पण कशी? 'जेवून राहिलो', 'बसून राहिलो' म्हणतात. बसला तर बसला, राहायचं कशाला? आपल्याला कळते का ती?" ओटीवर थोडे हसू झाले. व्याहीही हसले आणि म्हणाले की पहिले सहा महिने त्यांना घरात काही कळत नसे.

आत विहीणबाईंच्या हातातला अडकित्ता थांबला. ठाण्यात राहून त्यांची बोली आमच्यासारखीच झाली होती, पण त्या वेळी ती बदलली. "काहून हसून राहिले बाप्पा?" त्या म्हणाल्या. मग सासूबाईंना म्हणाल्या, "विहीणबाई, मला बाहेर एक निरोप पाठवायचाय. आमच्या माणसांना मी सगळ्यांसमोर कशी बोलू? कोणी सांगेल का?"

सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिले. धाकटी मुलगी दोरा देऊन खेळायला पळाली होती. त्यांची नजर माझ्यावर आली. "तू सांग. शिकलेली आहेस."

मी चार इयत्ता शिकले होते हे घरात अशाच वेळी आठवले जाई. पत्राचा पत्ता वाचायचा असला, औषधाच्या पुडीवरचे बघायचे असले की मी शिकलेली. एरवी नव्हे. मी म्हटले, ओटीवर मामंजी आहेत, सासऱ्यांपुढे मी कशी जाऊ? सासूबाई म्हणाल्या, "दारापर्यंत जा. चौकटीच्या आतून बोल." वन्सं डोळे उघडून माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा होता आणि तो वाजू नये म्हणून त्यांनी हात गुडघ्यांत धरले होते.

विहीणबाईंनी मला निरोप सांगितला. मी तो दोनदा मनात म्हटला. मग दारापाशी गेले, चौकटीत एक खिळा होता त्याच्याकडे बघितले आणि बोलले.

"काय म्हणाली?" सासऱ्यांनी विचारले. मी बोलले होते, पण आवाज आला नव्हता.

"मोठ्यानं," मास्तर म्हणाले. ते शाळेतल्या सवयीने म्हणाले असतील. मग मीही शाळेत कविता म्हणावी तसे खिळ्याकडे बघून, न थांबता, मोठ्याने म्हटले,

"विहीणबाई विचारतात की नागपूर लांब आहे की जवळ आहे ते एकदा नक्की सांगावं. लांब असेल तर लग्न परवा व्हावं. जवळ असेल तर लग्न पुढे जाईल, आणि मग त्यांना इथं काही काम नाही, तर त्या उद्याच्या गाडीनं आईला भेटायला जातात. नऊ वर्षं लांब आहे म्हणून त्यांना पाठवलं नाही. जवळ असेल तर काही प्रश्नच नाही."

मास्तर नकाशाची गुंडाळी करू लागले, पण ती सरळ होईना. ठाण्याचे शास्त्री वर आढ्याकडे बघत होते. मला परत फिरायचे होते, पण उत्तर घेऊन यायचे की नाही हे सासूबाईंनी सांगितले नव्हते, म्हणून मी तिथेच उभी राहिले.

व्याह्यांनी उपरण्याने तोंड पुसले. बराच वेळ पुसले.

"तसं पाहिलं," ते शेवटी म्हणाले, "तर लांबच आहे."

"किती लांब?" उपाध्यांनी विचारले. त्यांना ते पक्के करून हवे होते.

"खूपच लांब. गाडीत बसून पाठ धरते. घाटात तर गाडी इतकी हळू चालते की खाली उतरून सोबत चालावं. बाईमाणसाला झेपायचा प्रवास नव्हे तो."

शास्त्री म्हणाले, गाडीखात्यातला माणूसच जर असे म्हणत असेल तर दोरा रुळांवरूनच धरायला हरकत नाही. नागपूर देशांतर ठरले. आंघोळी झालेल्याच होत्या. सासूबाईंनी लाडवांच्या खोलीची कडी काढली, आणि ठाण्याच्या मंडळींनी पाणी मागितले. तीन-तीन तांबे प्यायले.

मी आत आले तेव्हा विहीणबाई पुन्हा सुपारी कातरत होत्या. मला वाईट वाटले. लग्न होणार हे बरेच झाले, पण त्यांचे नागपूर आता दोन शास्त्र्यांसमक्ष लांब झाले होते, पुढे कधी त्या मागणार कशा? मी तसे चाचरत म्हटले. त्या दिवशी मला बोलण्याची जरा भीड चेपली होती.

त्या म्हणाल्या, "अगं, घरात सून नाही तोवर मी जाणार कशी? चूल कोण बघणार? आधी सून येऊ दे." आणि वन्संना जवळ बोलावून म्हणाल्या, "तुला भाकरी येते का गं?"

"येते," वन्सं म्हणाल्या. ते खरे नव्हते.

लग्न ठरल्या वेळी झाले. मामांना सासूबाईंनी पंक्तीत लाडू वाढले, पण बोलल्या नाहीत.

दिवाळीला वन्संना सासरी नेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत विहीणबाई निघाल्या. त्यांनी व्याह्यांना काय सांगितले ते वन्संनी मला सांगितले. इतक्या लांब जायचे, तर चार दिवसांसाठी कोण जाते? लांबच्या गावाला गेल्यासारखे जावे. व्याह्यांना 'जवळ आहे, लवकर ये' म्हणता येईना. त्यांनी सोबतीला विहीणबाईंचा भाऊ नागपुराहून बोलावून दिला आणि गाडीत बसवून दिले. गाडी कल्याणला थांबते म्हणून आम्ही दशम्या घेऊन स्टेशनवर गेलो. विहीणबाई खिडकीशी बसल्या होत्या. नवे लुगडे होते. सासूबाईंनी विचारले, "परत कधी?"

"लांब आहे," त्या म्हणाल्या. "बघू."

संक्रांत झाली. होळी आली. व्याही दर आठ-दहा दिवसांनी आमच्याकडे जेवायला येऊ लागले. व्याह्यांनी सुनेच्या माहेरी असे येऊ नये, पण वन्संच्या भाकरीबद्दल ते काही बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू. जेवून झाले की ते ओटीवर बसून सासऱ्यांना सांगत की आता घाटात नवे इंजिन लावतात, गाडी पूर्वीसारखी रखडत नाही, जेवून बसावे, झोपावे, उठावे, की इथे.

"तसं कसं म्हणता?" सासरे म्हणत. "देशांतर आहे ते. शास्त्रानं ठरलंय."

एकदा व्याह्यांनी दाराकडे बघून विचारले, "सूनबाई लिहू शकतात ना? पत्र घालायचं होतं." बायकोला स्वतः पत्र लिहिणे त्यांना बरे दिसत नव्हते. मी आतूनच पत्र लिहिले. ते सांगत गेले ते सगळे घातले: गाडी सुधारली आहे, पाठ धरत नाही, प्रवास बाईमाणसाला सहज झेपण्यासारखा आहे, निघावे.

उत्तर विहीणबाईंच्या भावाच्या हातचे आले. मी ते चौकटीपाशी उभी राहून वाचून दाखवले, खिळ्याकडे न बघता. तब्येती बऱ्या आहेत. आई उठून बसते आहे, तिने लेकीच्या हातचे पुरण खाल्ले. बाई म्हणतात की पत्र पोचायला इतके दिवस लागले, त्यावरून गाव लांबच असावे. निघण्यासाठी चांगला दिवस पाहून राहिलो आहोत.